शोरूम दहाला उघडतं

ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाई नव्या गाडीची किल्ली घ्यायला शोरूममध्ये आल्या, तर मॅनेजरने किल्लीऐवजी नवा भाव पुढे सरकवला. ठरल्यापेक्षा चाळीस हजार जास्त.

“अहो, याच टेबलावर तुम्ही शब्द दिला होतात! माझी जुनी गाडी चौकाचौकात बंद पडते, शिकणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळतं.”

“लेखी आहे का काही? नाही ना? मग शब्दाला कोण विचारतो! या भावात घ्या, नाहीतर चालू पडा. आणि बुकिंगचे पैसे विसरा.” मॅनेजरने शेजारच्या सेल्समनला डोळा मारला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वीस वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांना एवढं कळलं होतं, की आरडाओरडा करून गाडी पुढे जात नाही. निघताना त्यांनी फक्त विचारलं, “शोरूम किती वाजता उघडतं?”

“दहाला. का, पाया पडायला येताय?”

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला शोरूमच्या एकुलत्या एका गेटसमोर बाईंची जुनी गाडी आडवी बंद पडली. आत रिबीन बांधलेल्या तीन नव्या गाड्या अडकल्या आणि त्यांचे मालक हॉर्न बडवू लागले. मॅनेजर शिव्या देत धावत आला. स्टेअरिंगवरच्या आजोबांना दरदरून घाम फुटला होता. शेजारी बसलेल्या बाईंनी काच खाली केली.


“ओरडू नका हो, शिकणारे घाबरतात. आज हे पहिलेच आहेत, मागे अजून तेवीस जण आहेत.”