उलटी फिरलेली सुई

बायको लॅपटॉपवरच्या खेळात विमान चालवायची. जमिनीवरच्या एखाद्या रेडिओ केंद्राचा आकडा लावला की विमानातली सुई त्या केंद्राकडे वळते आणि केंद्र ओलांडलं की उलटी फिरून मागे दाखवते. प्रत्येक केंद्राची टिकटिक वेगळी असते. "आधी ती ऐकून ओळखा," मला शिकवताना ती वैतागायची. "तुम्हाला मेलं ऐकायलाच नको!"

वर्षभर दुखणं लपवून ती गेली. त्याचा राग अजून जात नाही.

आज दुपारी त्याच रागात मी काही न ऐकता आकडा लावला. सुई उजवीकडे वळली. विमान गरागरा फिरवलं, तरी ती हलेना. चिडून लॅपटॉपच फिरवला, तर सुईही फिरली आणि पुन्हा तिथेच, बायकोच्या खोलीच्या दाराकडे थांबली.

मी आवाज वाढवला. टिकटिक नव्हती, तीन ठोके होते. शेवटच्या आठवड्यात अंथरुणातून ती भिंतीवर असेच ठोके मारून मला बोलवायची.

"आता कशाला बोलावतेस? तेव्हाच तोंड उघडायचं होतंस!" असं ओरडत मी लॅपटॉप घेऊन आत शिरलो. पलंग रिकामा होता.

मी आणखी एक पाऊल टाकलं आणि सुई उलटी फिरली.