चाळीस दारांचं अंगडं

"चाळीस चिंध्या, चाळीस दारांतून. शिवणारीच्या पेटीतली एकही चालायची नाही. लक्षात ठेव."

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी कात्री हातात घेतली की झिपाराला त्यांचा आवाज ऐकू यायचा. आज तो जरा जास्तच स्पष्ट येत होता, कारण ती आपल्याच पेटीतले कपडे कापत होती. सव्वीस तुकडे झाले होते. सवयीनं प्रत्येक तुकड्याला तोंडातून बिस्मिल्ला निघायचं, आणि मग ती जीभ चावायची.

अंगडं गावातल्या सगळ्या बायकांना सूनबाई म्हणणाऱ्या उलकान आपाच्या पणतवंडासाठी होतं. त्याच्या आधीची दोन बाळं चाळीस दिवससुद्धा राहिली नव्हती. म्हणून ह्याचं नावच तुरसुन ठेवलं; राहू दे, एवढंच मागणं. परवा त्याचा चाळिसावा दिवस. त्या दिवशी चाळीस घरांच्या चिंध्यांचं अंगडं अंगावर पडलं की चाळीस घरांचं आयुष्य बाळाच्या मागे उभं राहतं. नव्वदीच्या आपानं काठीनं वाट चाचपत सगळं कोचकोर गाव पालथं घातलं आणि चाळीस चिंध्यांची पुरचुंडी झिपाराच्या हातात ठेवली.

"तुझा टाका बारीक आहे, सूनबाई. तूच शिव."

झिपारानं शब्द दिला, पुरचुंडी फळीवर ठेवली, आणि दुसऱ्याच दिवशी ती कलावंत झाली.

निमित्त बिश्केकच्या प्रदर्शनाचं. तीस वर्षं शाळेतल्या मुलांना सफरचंद काढायला शिकवल्यावर तिला वाटलं, आता आपण कशाचंच चित्र नसलेली गोधडी करावी. मांस शिजवायच्या मोठ्या कढईत तिनं निळा रंग उकळला. त्या भरात फळीवर होतं नव्हतं ते सगळं आत लोटलं, पुरचुंडीसकट. वर ब्रशनं काळे-पिवळे फटकारे मारले, कापड करंगळीएवढं कातरलं आणि उलटसुलट जोडलं. एकच जाड तुकडा कात्रीला दाद देईना, तो तसाच मधोमध बसवला. सोबतच्या टिपणात तिनं ह्याला 'अंतःप्रेरणा' म्हटलं. गोधडीचं नाव ठेवलं 'कुणाचंच नाही'.

फोटो पाहून बिश्केकहून पत्र आलं : 'मधली ती खडबडीत गाठ विलक्षण. तिथं तुमचा हात दिसतो.' शेजारची सबिरा एवढंच म्हणाली होती, "छान आहे गं. धुणार केव्हा?"

झिपारा रोज पहाटेच्या नमाजनंतर अल्लाहकडे नम्रता मागत असे. पत्र आल्यापासून ते मागणं दोनदा राहून गेलं. तिसऱ्या दिवशी आठवलं, ते फळी रिकामी दिसल्यावर आणि पुरचुंडी कुठं गेली ते उमगल्यावर.

उद्या सकाळी गोधडी न्यायला गाडी येणार होती. सत्ताविसावा तुकडा कापून झाला आणि दारात काठी वाजली.

"सूनबाई, झालं का अंगडं?"

"होत आलंय, आपा," असं म्हणून झिपारानं निळी नखं घाईघाईनं पाठीमागे लपवली. आपाला चार वर्षांपासून दिसत नाही, हे तिला नंतर आठवलं.

आपा जमिनीवर बसली. चहा येईपर्यंत तिचा हात पसरलेल्या गोधडीवरून फिरत राहिला. मधोमध आला आणि थांबला. बोटं पुढे गेली, परत मागे आली.

"हे रफू माझं आहे," आपा म्हणाली.

झिपारानं चहाची वाटी खाली ठेवली.

"म्हाताऱ्याच्या कोटाची बाही ही. चुलीतला निखारा उडाला होता. काय बोलले होते मी त्याला तेव्हा!" आपा हसली. म्हातारा तीन आठवड्यांपूर्वी गेला होता. रिवाजाप्रमाणे कोट मयत धुणाऱ्याला देऊन टाकला होता. "कोट गेला, एवढंच कापून ठेवलं होतं, ते पुरचुंडीत घातलं. इथं कसं आलं गं हे?"

झिपारानं सांगितलं. टिपणातले मोठे शब्द एकही कामाला आले नाहीत.

"रंग निघेल?"

"नाही, आपा."

"कुठला आहे?"

"निळा."

आपानं रफूवरून पुन्हा बोट फिरवलं. "असू दे. म्हातारा तरी कुठं एका रंगाचा होता! पण बाकीच्या एकोणचाळीस?"

"मी आणते, दारोदार फिरून."

"पहिल्यांचं काय केलंस, ते प्रत्येक दारात विचारतील."

"सांगेन."

आपा काठी टेकत गेली. झिपारानं कात्रीच्या टोकानं मधल्या तुकड्याचे टाके एकेक करून उसवले. नवरा, दोरोनबेक, चहाला आत आला आणि दारातच थबकला.

"अगं, सकाळी गाडी यायची आहे! आणि हे मधोमध एवढं भोक?"

"तसंच पाठवा."

"तसंच? लोक काय म्हणतील?"

"काहीही म्हणोत. ह्यात माझं म्हणावं असं तेवढंच आहे."

तिनं आपले सत्तावीस तुकडे पेटीत परत टाकले. निळा तुकडा नव्या फडक्यात बांधला. डोक्यावरचा रुमाल नीट केला. सुरुवात कुठल्याही घरापासून करता आली असती. ती सबिराच्या फाटकाशी गेली आणि कडी वाजवली.