आळीपाळीचा श्वास

गायनमास्तरांनी हात खाली घेतला आणि सगळ्या गळ्यांचा आवाज एकदम थांबला.

“पुन्हा तिथंच भोक पडलं,” ते म्हणाले. “दुसऱ्या रांगेत, डावीकडं.”

डावीकडं दोघी बहिणी उभ्या होत्या. दोघींनी समोरच्या भिंतीकडं पाहिलं.

गाणं नवंच होतं. त्यात शब्द नव्हते; नुसता एक लांबच लांब स्वर, कुठेही न तुटता चालायचा. एवढा दम एका छातीत मावत नाही. म्हणून समूहात रीत असते: शेजारी श्वास घेईल तेव्हा आपण गायचं, आपण घेऊ तेव्हा शेजाऱ्यानं. ऐकणाऱ्याला वाटतं, इथं कुणी श्वासच घेत नाही.

या दोघी मात्र घेत एकदमच. लहानपणी एका पांघरुणात झोपून लागलेली सवय, दुसरं काय! आई म्हणायची, या दोघींना मिळून एकच नाक आहे.

“आपसात ठरवून घ्या बुवा,” मास्तर म्हणाले. “नाहीतर पुढच्या वेळी एकीला मागच्या रांगेत पाठवतो.”

ठरवायचं तर बोलावं लागतं. आणि आई गेल्यापासून, तिचं कुणी किती केलं यावरून, दोघींचं बोलणंच बंद होतं. येणंजाणंही तुटलं होतं. उरली होती ती ही शेजारशेजारची जागा. थोरली आठवडाभर या जागेची वाट बघायची, पण कबूल करायची नाही. आता ती जागाही जाणार होती.

“तू घे आधी,” थोरली भिंतीकडं बघूनच पुटपुटली.

धाकटीनं नजर मास्तरांच्या हाताकडं वळवली.

मास्तरांचा हात वर गेला. मागच्या रांगेत गाणाऱ्या दंतवैद्याचा खर्ज आला, दवाखान्यात कधी नसतो इतका मऊ. त्यावर बायकांचे आवाज एकेक करून टेकले. थोरलीला वाटलं, खोली हळूहळू जमिनीवरून उचलली जातेय. खुर्च्या, खिडक्या, खुंटीवरच्या छत्र्या, सगळंच. त्यात आपला आवाज कुठला, ते तिचं तिलाच कळेना. पांघरुणाखाली अंधारात कुणाचे पाय कुठले ते कळायचं नाही, तसं. तिचे डोळे भरून आले, तरी ती गात राहिली.

ती अवघड जागा आली. थोरलीनं श्वास घेतला नाही. धाकटीचं होऊ दे आधी. पण धाकटीही घेईना. छाती रिकामी होत आली, कान गुणगुणू लागले, तरी शेजारचा सूर हलेना. अगदी शेवटापर्यंत.

मास्तरांचा हात खाली आला. त्या शांततेत दोघींनी मोठ्यानं श्वास ओढला.

“म्हटलं होतं ना, आधी घे म्हणून?” थोरली म्हणाली.

“तुझा होऊ दे म्हणून थांबले गं, ताई.”

मास्तरांनी मागच्या रांगेचं काही काढलं नाही. त्यांनी पुढचं पान उलटलं. दोघी अजून धापा टाकत होत्या, मिळून एकाच नाकानं.