मनातलं मनात

कायदा सुधारणा आयोगाच्या सदस्या वृंदा ताम्हाणे सावंतवाडीला विश्राम गवस यांच्या घरी आल्या, तेव्हा खाटेशेजारचं यंत्र बोलत होतं, "बाईंना खुर्ची द्या. आमटी आज खारट झालीय."

विश्रामची बायको प्रमिला ओशाळली. अपघातात विश्रामचं शरीर लुळं पडून वाचाही गेल्यापासून त्यांच्या मनात येईल ते सगळं यंत्र मोठ्यानं बोलून दाखवत असे.

"विचार स्वतःजवळ ठेवायचा हक्क रुग्णाला असावा का, हे आयोगाला ठरवायचंय," वृंदाताई म्हणाल्या.

"असावा," यंत्र म्हणालं. "काल मनात आलं, मी मेलो तर ही सुटेल. तेही हिला ऐकावं लागलं."

"पण यंत्र गप्प झालं, तर ह्यांचं दुखलंखुपलं मला कसं कळणार?" प्रमिलानं विचारलं.

वृंदाताईंनी दोघांचंही म्हणणं अहवालात घेतलं.

कायदा झाल्यावर तंत्रज्ञ येऊन यंत्रात बदल करून गेला. आता विश्रामनी ठरवलं तरच ते बोलणार होतं. खोली शांत झाली. प्रमिला खाटेच्या कडेला बसून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"काय विचार करताय?" तिनं कितीतरी वर्षांनी विचारलं.

विश्रामच्या डोळ्यांत हसू आलं. यंत्र काही बोललं नाही.