डावीकडचा माउस

खिडकीजवळचा कॉम्प्युटर ऑफिसात सगळ्यांचा होता, पण त्यावर कुणाला किती इंटरनेट द्यायचं ते मी ठरवायचे. अकाउंटवाल्या वहिनींना बँकेपुरतं. शिपाईमामांना क्रिकेटचा स्कोअरसुद्धा नाही. त्यावरून मामा अजून माझ्याशी फुगून असतात.

आमच्या म्हाताऱ्या टायपिस्ट अण्णांना मात्र मी हवामानाचं पान उघडून दिलं होतं. त्यांची लेक दूरच्या शहरात राहायची. जेवण झालं की डावखुरे अण्णा माउस डावीकडे ओढायचे, तिच्याकडचं आभाळ बघायचे आणि ऑफिसच्या फोनवरून तिला सांगायचे, “आज छत्री घे गं.” ते ऐकून आमचीही दुपार गोड व्हायची.

अण्णा गेले त्याला वर्ष झालं. त्यांचं लॉगिन काढायला माझं मन धजेना. आम्ही जेवून आलो की माउस डावीकडे सापडायचा. जो आधी येईल तो मुकाट्यानं उजवीकडे ठेवायचा.

परवा सकाळी नवे साहेब म्हणाले, “गेलेल्या माणसाला इंटरनेट कशाला?” त्यांचंही बरोबरच होतं. मी लगेच बंद केलं.

त्या दुपारी माउस जागचा हलला नाही. वहिनी नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी अण्णांच्या लेकीचा फोन आला. ती शिंकत होती.

“ताई, ऑफिसचा फोन बिघडलाय का?” तिनं विचारलं. “आज बाबांनी छत्रीचं सांगितलंच नाही. चिंब भिजून आले मी.”