दोन कुलपं

आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटला दोन कुलपं होती. वरचं यांचं, म्हणजे सुधाकररावांचं, खालचं माझं. घटस्फोटाचा दावा लागला तरी तोंडातून 'हे'च निघतं, काय करणार! फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून एकट्यानं कुणी आत जायचं नाही, असं वकिलांनी ठरवून दिलेलं. तीन वर्षं दार बंद होतं.

२००४च्या मार्चमध्ये गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं, म्हणून आम्ही दोघं सकाळीच पोचलो. कुलपं इतकी गंजलेली, की तेल सोडावं लागलं.

आत कोंदट वास नव्हता. आल्याचा वास होता.

टीपॉयवर दोन कप चहा होता. वाफाळता.

"आधी कुणाला पाठवलंत?" मी चिडून विचारलं.

"माझ्या एका किल्लीनं उघडलं असतं का हे दार?"

मी त्यांच्या नेहमीच्या कपातला घोट घेतला. "बिनसाखरेचा आहे. तुम्ही तर तीन चमचे घ्यायचात."

ते कपाकडे बघतच राहिले. "दिवाळीत डायबेटिस निघाला. अजून कुणालाच सांगितलं नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघरात बांगड्या किणकिणल्या.

"अहो, आत या ना. गोळी राहिलीय तुमची."

आवाज माझा होता. इतक्या मायेनं मी शेवटचं कधी बोलले होते, आठवेना.

मी त्यांची बाही घट्ट धरली. त्यांनी माझी बोटं एकेक करून हळुवार सोडवली.

"आलो गं," ते म्हणाले आणि आत गेले.