चादरीचे दुसरे टोक

हिवाळ्यातील एका सोमवारी सकाळी, रुग्णालयाच्या धुलाईघरात, घड्या घालणाऱ्या बाईने चादर उचलली आणि समोरचे टोक नेहमीप्रमाणे आपोआप वर आले. महिन्यापूर्वी वारलेली तिची जोडीदारीण वेळेवर हजर होती. घडीला दोघी लागतात; म्हणून तिच्या जागी तिच्याच मुलीला घ्यावे, अशी विनंती बाईने मुकादमाला पुन्हा केली. मुकादमाने अधांतरी टोकाकडे पाहिले. तो घाबरला नाही. भ्यायलाही मन असावे लागते. "काम होतंय ना? मग मुलगी कशाला?" बाई मृत जोडीदारणीकडे वळली. "अगं, जन्मभर राबलीस, ते पुरे झालं नाही? मेल्यावरही यांची चाकरी करतेस आणि पोटच्या पोरीच्या पोटावर पाय देतेस. सोड ते टोक." चादर थरथरली आणि ओल्या फरशीवर पडली. मुकादमाने तोंड वाकडे केले. "कामचुकार झाली ही," तो म्हणाला. "हिला काढलं. मुलीला पाठव."